रडणारा देव

"शेवटचा प्रश्न," म्हातारे पाळक म्हणाले. "वधस्तंभावर देवाला वेदना झाल्या का?"

परीक्षा खरं तर चर्चच्या कार्यालयात व्हायची. पण पाळकांची तीन महिन्यांची नात दोन दिवसांपासून अतिदक्षता विभागात होती आणि उमेदवाराची पाळकपदाची दीक्षा रविवारवर आली होती. म्हणून दोघे रुग्णालयातल्या बाकावर बसले होते. परीक्षेचा कागद पाळकांच्या गुडघ्यावर होता.

"ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस," उमेदवार म्हणाला. "वेदना त्याने सोसल्या, त्या मानवी स्वभावात. त्याच्या देवत्वाला वेदना शिवत नाहीत."

"पाठांतर पक्कं आहे."

"चुकलं का, पाळकसाहेब?"

"छे. चाळीस वर्षं मीच हे शिकवतोय."

काचेचं दार ढकलून पाळकांची सून बाहेर आली. "ताप हटत नाहीये, बाबा. पुन्हा श्वासाची नळी घातली."

पाळक उमेदवाराकडे वळले. "आता तेच उत्तर हिला सांगा."

उमेदवार उभा राहिला. घोकलेलं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "देवालाही तुमच्याइतक्याच वेदना होतायत. तोही रडतोय."

पाळकांनी चष्मा काढला. कुणीतरी हे म्हणावं, याची ते दोन दिवस वाट पाहत होते.

"नको हो," सून म्हणाली. "आमच्याकडे रडणारे कमी आहेत का? नवरा जिन्यात बसून रडतो. बाबांना वाटतं, बाथरूममध्ये नळ सोडला की त्यांचं रडणं बाहेर ऐकू येत नाही. माझं तर विचारूच नका. त्यात देवही रडायला लागला, तर माझ्या लेकीला धरणार कोण?"

पाळकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ती आतली नर्स बघा. सकाळपासून डोळ्यांत टिपूस नाही. म्हणून तर लेकराला तिच्यापाशी सोडून बाहेर येता आलं."

ती परत आत गेली. दार आपोआप मिटलं.

पाळकांनी पेनाचं टोपण काढलं. "उत्तरं दोन दिलीत. कुठलं लिहू?"

उमेदवार काचेकडे पाहत होता. पलीकडे नर्सने मॉनिटरवर नजर टाकली आणि बाळाच्या तोंडातली नळी सरळ केली. तिचा हात जरासुद्धा थरथरला नाही.