इथे थप्पड

थप्पड जवळ येत चालली होती. मधे आता फक्त आईचं रडणं आणि एका फुलदाणीचं फुटणं उरलं होतं. ती प्रेक्षकांकडे पाठ करून उभी होती, आणि तेच बरं होतं. तिचा चेहरा नाटकातल्या मुलीचा राहिला नव्हता, खाटकासमोरच्या शेळीचा झाला होता.

समोर मालक उभे होते. कंपनी त्यांची, नाटक त्यांचं आणि नाटकातला दारुडा बापही तेच. आवाज असा की विंगेत उभा असलेला माणूससुद्धा दचकून हातातला चहा सांडायचा. तिला कंपनीत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तेही गर्दीतली बाई, पाण्याचा पेला ठेवून जाणारी मोलकरीण, एकदा तर नुसती पडद्यामागची किंकाळी, असं करण्यात गेलं होतं. मुलीची ही तिची पहिली खरी भूमिका. "जमली तर तुझी," मालक म्हणाले होते, "नाही जमली तर परत गर्दीत."

थप्पड तशी खोटीच होती. मारणाऱ्याने हात गालाजवळून न्यायचा आणि मार खाणाऱ्याने त्याच क्षणी पोटाशी टाळी वाजवून आवाज काढायचा. पाठमोरं उभं राहिलं की प्रेक्षकांना ती टाळी दिसत नाही. कुणालाही जमेल असं काम. पण आईचं काम करणाऱ्या मावशींनी मेकअपच्या खोलीत तिची वेणी घालताना हळूच सांगितलं होतं, "मागच्या पोरीला मालकांची खरीच बसली हो. गाल हा एवढा सुजला. गेली ती परत फिरकली नाही."

 तालमीत तर मालक हात उचलायचेच नाहीत. त्या जागी आले की नुसतं "इथे थप्पड" म्हणायचे आणि पुढचं वाक्य घ्यायचे. हात कुठून येणार, किती जोरात येणार, गालाच्या किती जवळून जाणार, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. विचारायची छाती नव्हती. आणि आज तिचा पहिला प्रयोग होता, त्यातही हा शेवटचा प्रवेश.

फुलदाणी फुटली. मावशी रडू लागल्या. मालक एक पाऊल पुढे आले. त्यांच्या कपाळावर घाम होता, डोळे लाल होते, ओठ घट्ट मिटलेले होते. मारणार, तिला वाटलं. आज खरंच मारणार. गालाला काही व्हायच्या आधीच तिचे कान गरम झाले.

आणि भीतीने हात तिचं ऐकेनासे झाले. टाळी वाजली.

चांगली खणखणीत वाजली. मालकांचा हात अजून खालीच होता.

सगळ्या नाट्यगृहाला थप्पड ऐकू गेली होती आणि मारली कुणीच नव्हती. मावशी रडायच्या थांबल्या. विंगेत कुणीतरी "मेलो!" म्हणालं. तिचं रक्त पार पायात उतरलं. आता हसतील. आधी एक जण हसेल, मग सगळे, मग पडदा, मग गर्दीतली बाई आणि पाण्याचा पेला, जन्मभर.

मालकांचा हात वर आला. तिने डोळे मिटून घेतले.

काहीच लागलं नाही. डोळे उघडले तर मालकांनी तो हात स्वतःच्याच गालावर ठेवला होता. विश्वास न बसल्यासारखे ते तिच्याकडे बघत होते. लेकीने बापाला मारलं होतं. प्रेक्षकांना तिची फक्त पाठ दिसत होती, आवाज त्यांनी ऐकला होता, आणि आता ते बापाचं तोंड पाहत होते.

कुणी हसलं नाही. कुणी खोकलंही नाही.

मालकांचं पुढचं वाक्य होतं, "आता बोल!" तालमीत ते गरजून म्हणायचे आणि तिने तोंड दाबून, रडत आतल्या खोलीत पळायचं. तेच वाक्य मालक आज इतकं हळू म्हणाले की मागच्या रांगांना कान टवकारावे लागले असतील.

"आता बोल."

तिला या जागी वाक्यच नव्हतं.  तरी तिने तोंड उघडलं आणि आतून आलं ते आलं.

"बोलून झालं, बाबा."

आतल्या खोलीकडे ती गेलीच नाही. बाहेरच्या दाराने गेली. त्या दारामागे आधीच्या अंकाच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, त्यांत धडपडली. मागे पडदा पडला. टाळ्या थांबत नव्हत्या, पण त्या आपल्यासाठी असतील हे तिच्या डोक्यातच शिरलं नाही. मालकांच्या नाटकाचा शेवट तिने मोडला होता, बस्स.

मेकअपच्या खोलीत तिने तोंडसुद्धा पुसलं नाही, आधी पिशवी भरायला घेतली. तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात मालक होते.

"मालक, चुकले मी. भीतीने हात आधीच..."

"माहीत आहे." ते आत आले नाहीत. "मागच्या पोरीला मी मारलं, असं सांगतात ना तुला? खरंय ते. अंदाज चुकला माझा. त्यानंतर कुणावर खोटा हात उगारायचा म्हटलं तरी मला दरदरून घाम फुटतो. तालमीत उचलला नाही. आजही उचलला नसता. पुढे काय करायचं, मलाच कळत नव्हतं. तुझी टाळी वाजली आणि मी सुटलो."

पिशवी अजून तिच्या हातातच होती.

"ठेव ती खाली," मालक म्हणाले. "उद्यापासून तू मार. आवाज मी काढतो."