नावांची खोली, आजारांची खोली

ताटात वरण वाढता वाढता शैलाबाईंनी नियम मोडला. “नंबर नऊशे सतराचा भारी राग आला आज! आपल्या केंद्राच्या आरोग्य शिबिरात रक्त तपासायला दिलं, साखर चारशे निघाली आणि महाराणी रिपोर्ट न्यायला फिरकल्याच नाहीत!”

घारपुऱ्यांना ठसका लागला. संशोधन केंद्रात नावांना नंबर देणाऱ्या खोलीत ते बसत आणि नंबरांना आजार जोडणाऱ्या खोलीत त्यांची बायको. इकडचं तिकडे एक अक्षर सांगणार नाही, असं दोघांनी लिहून दिलं होतं. म्हणून अकरा वर्षं घरात फक्त भाजीचा विषय निघे.

नऊशे सतरा कोण, हे जगात एकट्या घारपुऱ्यांना ठाऊक होतं. पण सही म्हणजे सही.

सकाळी त्यांनी जन्मात पहिल्यांदा चहा केला.

“अहो, साखर विसरलात!”

“नाही.”

शैलाबाईंनी कपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. शिबिरात आपणही रक्त दिलं होतं, हे त्यांना आठवलं. “म्हणजे ती महाराणी...”

“मी काही बोललो नाही हं,” घारपुरे घाईघाईने म्हणाले आणि डोळे पुसत फ्रीजकडे वळले. “आज भाजी कारल्याची करू या.”