ज्याने नांगरलं नाही

“नेव्होरलची पोर आज नांगरणार!” सहकारी शेतीचा साहेब ओरडला आणि बांधावर जमलेलं गाव हसलं. चेक भाषेत आमच्या आडनावाचा अर्थच मुळी ‘ज्याने नांगरलं नाही तो’. तीनशे वर्षांपूर्वी आमच्या मूळपुरुषाने टेकडीखालचा उत्तम तुकडा पडीक ठेवला. गावाने त्याला आळशी ठरवलं आणि ते नाव आम्हाला कायमचं चिकटलं. शाळेत त्यापायी मी रोज रडायची. म्हणून तर हट्टाने ट्रॅक्टर शिकले.

गेल्या वर्षी कम्युनिस्ट सरकारने सहकारी शेतीसाठी सगळ्यांच्या जमिनी घेतल्या. विरोध करणारे तुरुंगात गेले. बाबांनी मुकाट सही केली. आज तीनशे वर्षं पडीक राहिलेल्या त्या तुकड्यात पहिला फाळ मीच घातला. बाबा टोपी काढून उभे होते. मला वाटलं, अभिमानाने.

तिसऱ्या फेरीत मातीतून काहीतरी पांढरं वर आलं. मी उतरून पाहिलं. ओंजळीत मावेल एवढी कवटी होती.

बाबा धावत आले आणि गुडघ्यांवर बसून हाडं टोपीत गोळा करू लागले. “आपल्या मूळपुरुषाची पाच लेकरं ही,” ते पुटपुटले. “प्लेगने गेली, एकच वाचलं. गाव त्यांना चुन्याच्या खड्ड्यात फेकणार होतं, म्हणून त्याने इथे चोरून पुरली. जन्मभर आळशी म्हणवून घेतलं, पण इथे नांगर लागू दिला नाही.”

“मला का नाही सांगितलंत?” मी किंचाळले.

“शेत पुढच्याच्या हाती देतानाच सांगायचं, अशी आपल्या घराची रीत.” त्यांनी टोपी छातीशी धरली. “द्यायला शेत कुठे राहिलं, पोरी?”