दूध नासायच्या आत

डेअरीतलं दूध गार ठेवणारा सर्व्हर कुणाच्या हाती सोपवायचा ते ठरवायला आई आज दोन ऑपरेटिंग सिस्टिमची, एका विकतच्या आणि एका फुकटच्या, तोंडी परीक्षा घेत होती. मागे उभ्या लेकीचा, शाल्मलीचा, जीव नुसता टांगणीला; तिला फुकटची हवी होती.

“बिघडलीस तर कोण येणार?” आईने विचारलं.

“कंपनीचा माणूस, अठ्ठेचाळीस तासांत!” विकतची ऐटीत म्हणाली.

“तोवर माझं दूध नासेल की गं! आणि तू? फुकटच्या मालाला वाली कोण?”

“गावोगावची माणसं, काकू. माझा कोड सगळ्यांना खुला आहे,” फुकटची म्हणाली. “गेल्याच महिन्यात माझी दूध गार ठेवण्यातली चूक नववीतल्या शाल्मली गुरवनं सुधारली. ती तुमच्या मागेच उभी आहे.”

आई गर्रकन वळली. मग तिने कमरेची सर्व्हरच्या खोलीची किल्ली काढून लेकीच्या हातावर ठेवली.

“बिघडली, तर शाळेतून पळत यायचं हं!”