खालचा पाव

परिच्छेद म्हणजे बर्गर, असं मिस प्रुइट सातवीच्या वर्गाला वर्षभर घोकवत होत्या. वरचा पाव म्हणजे मुद्दा, मध्ये तीन कारणं, खालचा पाव म्हणजे निष्कर्ष. आणि आज डेलेनीचा परिच्छेद अगदी तसाच आलेला पाहून त्यांचंच डोकं फिरलं.

"हे तुझं नाही. कोणाकडून लिहून घेतलंस?"

डेलेनी ताडकन उठली. "मिस, तुम्ही माझ्यावर अन्याय करताय. एक तर काल जेवणाच्या सुट्टीत मी इथेच बसून हे लिहिलं, समोर तुम्ही सॅलड खात होतात. दुसरं, मॅडिसननं असंच लिहिलं तेव्हा तिला शाबासकी मिळाली. तिसरं, माझा भाऊ तुमच्याकडे नापास झाला, म्हणून मीही ढच, हे तुम्ही आधीच धरून चाललाय. तेव्हा आता सगळ्यांसमोर माझी माफी मागा."

मिस प्रुइट लालबुंद होऊन तोंड उघडणार, तोच मागच्या बाकावरून शांतपणे आवाज आला,


"मिस, खालचा पावसुद्धा लागला."