सातने भाग जातो का?

डॉक्टरांनी पाटी दोघांच्या मध्ये धरली. पाटीवर बारा आकडी संख्या होती: ४८१४८१४८१४८१.

"ही फोडायची," ते म्हणाले. "घाई नाही."

लेकीने आधी बाबांकडे पाहिलं. मेंदूचं ऑपरेशन म्हणजे काय खायचं काम आहे! जीव वाचला होता. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, माणसं ओळखू येतील, बोलणंही येईल, आकड्यांचं मात्र सांगवत नाही. आणि या घरातून आकडे गेले तर मागे उरणार काय? बाबा गणिताचे मास्तर. लोकांच्या घरी जेवताना गप्पा होत, यांच्याकडे संख्या फोडल्या जात. रस्त्यात गाडीचा नंबर दिसला की पहिला प्रश्न, कशाने भाग जातो?

आत्ताही उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण ती मुद्दाम गप्प बसली. बाबांनाच सांगू दे.

बाबा खुर्चीत नीट बसले होते, हेही थोडं नव्हतं. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे तांबारलेले. त्यांना जरा टेकवावं म्हणून ती सरसावली, तर सिस्टर तिच्यावरच डाफरल्या, "तुम्ही उठायचं नाही हं!" नातेवाइकांची इतकी काळजी घेणारं इस्पितळ तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"आकड्यांची बेरीज बावन्न," बाबा अडखळत म्हणाले. "म्हणजे तीनने भाग जात नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान डोलावली. शाब्बास!

"पाचने नाही."

"हं."

"सातनेही नाही." बाबांनी पाटीवर बोट ठेवलं. "म्हणजे मूळ संख्या आहे ही."

बाबा, आणि सातला चुकले! डॉक्टर नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. गेलं, सगळं गेलं. आता यांना सांभाळून घ्यायचं, हो ला हो म्हणायचं, असं तिने मनाशी ठरवलंसुद्धा. पण इतकं चुकीचं गणित तिच्याच्याने ऐकवेना.

"अहो बाबा!" ती ओरडलीच. "डोळे उघडून बघा की जरा! तेच तीन आकडे चार वेळा आलेत. एक हजार एकने भाग जाणारच. म्हणजे सातने जातो, अकराने जातो, तेरानेही जातो. मूळ संख्या कसली डोंबलाची!"

बाबा ढसाढसा रडायला लागले, आणि रडता रडता हसायला.

"डोंबलाची म्हणाली!" त्यांनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला. "ऐकलंत ना तुम्ही? डोंबलाची!"

तिला काही उमजेना. एवढी मोठी चूक झाल्यावर कुणी हसतं का?

"ऐकलं, मास्तर. सुटलो बुवा आपण," डॉक्टर म्हणाले, आणि वाकून तिच्या मानेखालची उशी सारखी करत हसले. "उद्या हिच्या डोक्याचे टाके काढून टाकू."