खोतांचा अंगठा

रघूच्या डाव्या पायाचा अंगठा सुजला तेव्हा लावणी अर्ध्यावर होती, आणि बाबाजी खोतांना तो सरळसरळ उद्धटपणा वाटला.

अंगठा सुजायचा तो खोतांच्या घराण्यात. आजोबांचा सुजला, वडिलांचा सुजला. चाळिशी आली की डावा अंगठा वांग्यासारखा जांभळा. बोर्ली पंचतनचे दत्तात्रेय वैद्य त्याला आढ्यवात म्हणत, म्हणजे खाऊनपिऊन सुखी माणसाचं दुखणं, आणि हे खोत पाहुण्यांना आवर्जून सांगत. गावात घोडं, छत्री आणि सुजलेला अंगठा एकट्या खोतांकडे होता. आता नाचणीची भाकरी आणि सुका जवळा खाणाऱ्या कुळाला तेच दुखणं?

खोतांनी विचार करून दोन शक्यता काढल्या. एक तर रघू त्यांच्या तुपाच्या बरणीपर्यंत पोचला होता, नाहीतर हे सोंग होतं. अलिबागेकडची कुळं संपावर होती; तिकडे माणसं संप करतात, इकडे अंगठ्यानं केला. काहीही निघालं तरी जमीन काढून घेता येत होती. फक्त वैद्यांनी तसं सांगायला हवं होतं.

म्हणून रघूला दोघांनी उचलून खोतांच्या ओटीवर आणलं. त्याची आई ठमाबाई चिखलाच्या पायांनी मागून आली आणि पायरीखाली थांबली. खोत आरामखुर्चीत होते, डावा पाय चौरंगावर, दोन उशांवर. त्यांचाही अंगठा त्या आठवड्यात फुललेला होता.

वैद्यांनी उपरण्याचं टोक रघूच्या अंगठ्याला नुसतं टेकवलं, तर तो हंबरला. सोंग नाही, वैद्य म्हणाले, आढ्यवातच. तूप चोरलं म्हणावं तर बरगड्या दिसतायत. मग राहतं एकच. हे दुखणं बिजातून उतरतं. याच्या बापाचे पाय कसे होते?

“ह्याच्या बापाचे, धर्माचे, पाय सरणावरपन सरळ व्हते,” ठमाबाई म्हणाली.

तिच्या माहेरीही कुणाला असलं काही नव्हतं.

“मग सोंगच,” खोत म्हणाले. “ठमे, उद्यापासून खाचरं सोडा.”

ठमाबाई पायरी चढून वर आली. रघूच्या जन्माआधी ती या घरी भात कांडायला येत असे. त्यानंतर ती ही पायरी चढली नव्हती.

“वैद्यबुवा, रघूचा पाय धन्यांच्या पायाशेजारी ठेवा,” ती म्हणाली. “आन मंग सांगा, कुठनं आलं.”

वैद्यांनी ठेवला नाही. दोन्ही अंगठे आत वळलेले, दोन्हीची नखं चौकोनी, हे जागेवरूनच दिसत होतं. ते औषधांची थैली बांधू लागले, मग सोडून पुन्हा बांधू लागले.

खोत आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले, त्यानंच चुगली केल्यासारखे. शेवटी म्हणाले, “खाचरं राहू देत.”

आतून खोतीणबाई नवऱ्याचा रोजचा गुळवेलीचा काढा घेऊन आल्या. दाराआड बराच वेळ उभ्या असाव्यात, काढा निवला होता. खोतांनी हात पुढे केला. बाईंनी चौरंगावरची एक उशी ओढून काढली, खोत कळवळले, तीच उशी रघूच्या पायाखाली सारली आणि वाटी त्याच्या हातात दिली.

“आधी पोरांना,” त्या खोतांना म्हणाल्या.